'द वायर'चा दुसरा सीझन डीव्हीडीवर: पाचव्या डिस्कपर्यंत कसं पोहोचायचं

माझं डिस्क भाड्याने द्यायचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. 'द वायर' या पोलीस आणि गुन्हेगारांच्या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा संच परत आला की मी उघडून बघायचे. पहिली डिस्क ओरखड्यांनी भरलेली, आणि पाचवी अशी चकचकीत की तिच्यात बघून टिकली लावावी. लोक पहिली न्यायचे, दोन भाग बघायचे आणि "अहो ताई, ती आधीची पोरं गेली कुठे?" म्हणत आणून टाकायचे. ही मालिका तिथेच सोडू नये, म्हणून हे लिहितेय.

आधी संच. नवा मिळाला तर उत्तमच, पण बहुतेक वेळा वापरलेलाच हाती लागतो. बारा भाग, पाच डिस्क. आधी मोजा. पाचही 'दुसऱ्या सीझन'च्याच आहेत ना तेही वाचा, कारण गिऱ्हाइकांनी पहिल्या सीझनची डिस्क दुसऱ्याच्या खोक्यात कोंबून परत दिलेली मी कितीदा पकडली आहे. मग एकेक डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधल्या भोकापासून कडेकडे जाणारा सरळ ओरखडा दिसला तर फारसं घाबरू नका, तो प्लेअर बहुधा सांभाळून घेतो. गोल फिरत गेलेला ओरखडा मात्र वाईट, कारण लेसर त्याच दिशेने वाचत जातो आणि लांबवर अडकत राहतो. आणखी एक गंमत म्हणजे दोन थरांच्या डिस्कवर लेसर आतून बाहेर जातो आणि दुसऱ्या थरावर बाहेरून परत आत येतो. त्यामुळे बाहेरच्या कडेला मार लागलेला असेल तर डिस्क शेवटी नाही, मध्यावर अडखळते. "शेवट चालवून पाहिला, ठीक आहे" असं विकणारा म्हणाला तर त्याला मधला भाग लावून दाखवायला सांगा.

डिस्क काढताना कड धरून उपटू नका. मधल्या दातेरी गुंडीवर अंगठा दाबायचा, 'टक' झालं की मग उचलायची. घाईत मी एकदा कडेने ओढली आणि मधल्या भोकापाशी केसाएवढी चीर गेली. दोन आठवड्यांत ती वाढत डिस्क वाया गेली. पुसायचं ते मऊ सुती कापडाने, मधून बाहेर सरळ रेषेत. टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर मान डोलवा आणि करू नका.

अमेरिकेतून आलेला संच असेल तर खोक्यामागचा रीजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा, आकडा बघा. तिथला आकडा १, आपल्याकडचा ५. सगळे रीजन वाचणारा प्लेअर असेल तर प्रश्न मिटला. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा, म्हणून नुसतं बघू या म्हणून बदलत बसू नका.

आता चित्र, आणि इथे माझं मत ठाम आहे. हा सीझन २००३ मध्ये एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर आला तो ४:३ मध्ये, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनात, आणि डीव्हीडीवर तो तसाच आहे. २०१५ च्या ब्लू-रेमध्ये रुंद १६:९ चित्र करून दिलं. निर्माता डेव्हिड सायमन त्या कामात स्वतः होता, तेव्हा त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. चित्र स्वच्छही आहे. तरी पहिल्यांदा चौकोनातच बघा. माणसं त्या चौकटीत दाटीवाटीने उभी असतात, आणि गोष्टही कोंडीचीच आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही १६:९ ठेवा आणि टीव्हीचं 'झूम' किंवा 'फुल' बंद करा. जमलंय का ते पोलिसांच्या गाडीच्या चाकावरून कळतं. चाक अंड्यासारखं दिसलं तर चित्र ताणलेलं आहे.

सबटायटल्स लावाच. इंग्रजी चांगलं येत असलं तरी. गोष्ट घडते त्या अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या बंदरावरचे हमाल तोंडातल्या तोंडात बोलतात. कंटेनरला ते 'कॅन' म्हणतात. हे माहीत नसेल तर पहिला तासभर कुठल्या डब्याविषयी चाललंय तेच कळत नाही.

आणि गाणं पुढे ढकलू नका. दर सीझनला तेच शीर्षकगीत वेगळ्या आवाजात आहे, इथे टॉम वेट्सचा घोगरा आवाज आहे आणि गाणंही मूळ त्याचंच. पण खरं कारण दुसरं. गाणं संपता संपता पडद्यावर त्या भागातलं कुणाचं तरी एक वाक्य येतं. रिमोटवर पुढचं बटण दाबलं की तेही जातं. मग ते वाक्य भागात नक्की कोण, कधी बोलतं याची वाट बघण्यातली मजा गेली. खोक्यावर किंवा मेन्यूत भागाचा सारांश असेल तर तो मात्र वाचू नका.

बघायचं कसं? पहिले चार भाग दोन दिवसांत उरका, एकेक करून आठवडाभर लांबवू नका. इथेच माझी गिऱ्हाइकं गळायची. पहिल्या सीझनमधला पोलीस मॅकनल्टी इथे बोटीवर गस्त घालायला पाठवलेला, आणि पोलिसातला मेजर व्हॅलचेक व गोदी कामगारांचा पुढारी फ्रँक सोबोट्का एका चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीवरून भांडतायत. माणसाला वाटतं, हे काय लावलंय! सोसा. मग एका कंटेनरमध्ये तेरा बायकांची प्रेतं सापडतात आणि ते खिडकीचं क्षुल्लक भांडण त्यांच्याशी जाऊन भिडतं. नावं लक्षात राहत नसतील तर कागदावर तीन रकाने करा: गोदी, पोलीस, जुने बार्क्सडेल (पहिल्या सीझनमधली अमली पदार्थ विकणारी टोळी). मी बिलबुकाच्या मागच्या पानावर केले होते. चौथ्या भागानंतर कागदाची गरज पडत नाही. पुढे दिवसाला एक भाग पुरे. शेवटचे दोन मात्र एका बैठकीत, म्हणजे उशिरा सुरू करू नका.

एक निवृत्त मास्तर होते. पहिली डिस्क कुरकुरत घेऊन गेले आणि पाचवी ठरल्या दिवसापेक्षा एक दिवस उशिरा आणून दिली. शेवटचा भाग पुन्हा बघत बसलो होतो म्हणाले. त्यांच्याकडून मी उशिराचे पैसे घेतले नाहीत.