शिबिराची जागा बघायला जाताना दोन सिमं घेऊन जा

मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात मुलांचं उन्हाळी शिबिर घेताय? मग जागा बघायला जाल तेव्हा नुसती सावली आणि विहीर बघून परतू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन आवारभर फिरा. आमच्या एका शिबिरात रेंज फक्त शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ यायची, तीही एकाच सिमला. तिथे चुन्याने गोल आखला आणि त्या सिमचा साधा बटणवाला फोन भिंतीच्या कोनाड्यात ठेवून दिला. रोज संध्याकाळी चार्जिंग बघायचं काम एका ताईकडे.

१०८ ला फोन लावला की 'कुठे आहात?' हे विचारणारच, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच सांगता येत नाही. म्हणून गाव, तालुका, फाट्यापासूनचं अंतर आणि जवळची खूण पुठ्ठ्यावर ठळक लिहून फोनशेजारी टांगा. खाली आशाताईंचा, ग्रामीण रुग्णालयाचा आणि रात्री-बेरात्री गाडी काढेल अशा गावकऱ्याचा नंबर. सर्पदंशावरचं इंजेक्शन (अँटी-स्नेक व्हेनम) कुठल्या दवाखान्यात असतं, हे आधीच विचारून ठेवा.

मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो. १२ ते ४ मैदान बंदच. अंग भट्टीसारखं तापलंय आणि मूल बरळतंय, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत आणा, अंग ओलं करा, वारा घाला. तोवर दुसऱ्याने १०८ लावायला फोनकडे पळायचं.

पालकांना रोज रात्री ८ ला एकच निरोप. रेंज गेली तर तो सकाळी येईल, हेही आधीच सांगा.