चाळीत आता झोपतं कोण? गिरणगावातली एक चाळ मोजण्याची रीत

मुंबईतल्या लालबाग, करी रोड, नायगाव, वरळी या कापडगिरण्यांच्या पट्ट्याबद्दल 'मराठी माणूस गेला, टॉवर आले' हे वाक्य फार ऐकू येतं. ते खोटं नाही, अर्धवट आहे. नेमकं काय बदललं ते पाहायचं तर एकच चाळ घ्या आणि माणसांआधी खोल्या मोजा. बीडीडी (ब्रिटिश काळातलं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीची जुनी इमारत सोयीची: तळमजला अधिक तीन, मजल्यावर २० अशा ८० खोल्या, प्रत्येक १६० चौरस फुटांची. दोघांनी संध्याकाळी सात ते नऊ फिरलं तर रोज आठ-दहा खोल्या नीट होतात. त्याहून घाई केली की उत्तरं 'हो-नाही'वर येतात.

वहीत खोलीमागे चार रकाने आखा: भाड्याची पावती कोणाच्या नावावर (नाव नको, नातं लिहा), रात्री झोपतं कोण, मूळ गाव आणि तालुका, कामाला कुठे. पहिले दोन रकाने एकत्र करू नका, सगळी गंमत त्यांच्या फरकात आहे. पावती आजोबांच्या नावावर, कुटुंब डोंबिवलीला किंवा विरारला, खोलीत सिक्युरिटीवाले नाहीतर डिलिव्हरीवाले सहाजण, हे चित्र आज नेहमीचं. पण त्याला नवलाई समजू नका. गिरण्या तीन पाळ्यांत चालत तेव्हाही एकाच्या नावावरच्या खोलीत गावची पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. रीत तीच आहे, माणसांचे जिल्हे बदललेत.

मतदार यादी जरूर घ्या, पण तिच्यावरून लोकसंख्या काढू नका. घर सुटलं तरी मत आणि रेशनकार्ड सुटत नाही, त्यामुळे यादीत जुनी वस्ती फुगलेली दिसते आणि भाडेकरू जवळजवळ नसतात. जुनी-नवी तुलना करताना प्रभाग क्रमांकावर विसंबू नका, निवडणुकांआधी प्रभागांच्या हद्दी बदलतात. इमारतीचं नाव धरा.

आडनावावरून गाव किंवा जात ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक. पवार, जाधव, शिंदे साताऱ्याचेही असतात, रत्नागिरीचेही. मराठाही असतात, बौद्धही. जात थेट विचारू नका. आजोबा गिरणीत कुठल्या खात्यात होते ते विचारा. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना तिथे काम नाकारलं जाई. कमी पगाराची खाती त्यांच्या वाट्याला आली. कोणती वस्ती कुठल्या चाळीत जमली, याचं बरंच उत्तर इथून मिळतं.

मग काळ विचारा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर घर कशावर चाललं, कोण गावी परतलं, बाईने पोळीभाजीचे डबे कधी सुरू केले, खोली पागडीवर कधी दिली, ही सालं लिहून घ्या. शेजारच्या गिरणीच्या आवारात काय उभं राहिलं तेही नकाशावर मांडा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जमिनीची पालिका, म्हाडा आणि मालक अशी वाटणी होती. २००१ मध्ये ती फक्त मोकळ्या जागेपुरती केली, आणि सार्वजनिक वाटा आटला.

वेळ चुकली तर मेहनत वाया. गणपती, शिमगा आणि मे महिना टाळा. कोकणातली घरं तेव्हा गावी असतात, आणि गणपतीत उलट लालबागच्या गल्ल्यांत उपनगरांतले जुने रहिवासी परतलेले असतात. जुलै किंवा जानेवारी बरा.

पुनर्विकासाची चर्चा असेल तिथे वही दिसली की लोक सावध होतात. पात्रता जाईल या भीतीने 'आम्हीच राहतो' हेच उत्तर येतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. आधी चाळ कमिटीला भेटा, नाव लिहिणार नाही हे सांगा आणि खरंच लिहू नका. वहीत सांकेतिक क्रमांकच ठेवा, खोली क्रमांकाची यादी वेगळी, कुलपात. किती माणसं हे विचारण्याऐवजी पाणी भरायला कोण उठतं, सिलिंडर किती दिवस जातो, हे विचारा. रात्री दारातल्या चपलाही बरंच सांगतात.

चाळ पाडली गेली असेल तर कुटुंबापुढे 'गेले' लिहू नका, 'ट्रान्झिट' (नवं घर मिळेपर्यंतची तात्पुरती सोय) लिहा. नवी इमारत झाल्यावर जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाची आणि बाहेरच्यांना विक्रीची इमारत वेगळी मोजा. ५०० चौरस फुटांच्या घरात परतलेल्यांना विचारायचा पहिला प्रश्न: महिन्याचा मेंटेनन्स कोण भरतं?