व्हीलचेअर वापरताना या चुका टाळा

घरात व्हीलचेअर आली की सगळ्यांना काळजी वाटते ती उताराची, रस्त्याची आणि लिफ्टच्या दाराची. हाताने चालवायच्या खुर्चीवरून माणूस पडतो तो मात्र पुष्कळदा ती उभी असताना : पलंगावरून तिच्यावर येताना, तिच्यावरून कमोडवर जाताना, किंवा खाली पडलेला चष्मा उचलायला वाकताना. त्यामुळे खुर्ची ढकलायला शिकण्याआधी ती नीट उभी करायला शिकले पाहिजे.

सुरुवात ब्रेकपासून करावी. या खुर्चीचा ब्रेक चालती खुर्ची थांबवण्यासाठी दिलेला नसतो. थांबलेली खुर्ची जागेवर धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. उतारावर वेग वाढला म्हणून घाईने ब्रेक ओढला, तर चाक एकदम जाम होते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. घाईत एकाच बाजूचा ब्रेक लावण्याची सवयही तितकीच वाईट, कारण उठताना जोर पडला की खुर्ची त्या जाम चाकाभोवती गरकन फिरते. दोन्ही ब्रेक लावूनही खुर्ची सरकत असेल, तर दोष बहुधा ब्रेकचा नसून टायरचा असतो. ब्रेकची दांडी एक धातूचा तुकडा टायरवर दाबते. टायरमधली हवा उतरली की हा दाब पुरेसा बसत नाही. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते. तपासणी सोपी आहे : खुर्ची रिकामी असताना दोन्ही ब्रेक लावून ती मागून ढकलावी. चाके फिरली, तर माणसाला त्या खुर्चीवर बसवू नये. ओल्या मोरीत मात्र जाम चाकेही घसरतात, म्हणून तिथे फरशी आधी पुसावी आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून घ्यावी.

दुसरी मोठी चूक फूटरेस्टची. पाय ठेवायच्या पट्ट्या पुढच्या छोट्या चाकांच्याही पुढे असतात. त्यांच्यावर भार देऊन उभे राहिले की मागची चाके उचलली जातात आणि खुर्ची माणसासकट पुढे कोसळते. उठण्यापूर्वी आणि बसण्यापूर्वी त्या पट्ट्या वर दुमडून, जमल्यास बाजूला वळवून ठेवाव्यात आणि दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले आहेत याची खात्री करावी. याच वेळी छोट्या चाकांकडेही पाहावे. खुर्ची पुढे नेऊन थांबवली की ती चाके मागे वळलेली राहतात. वीतभर मागे घेतली की फिरून पुढे येतात. ती पुढे असताना खुर्चीचा पाया लांब होतो आणि पुढे वाकल्यावर तोल जाण्याची भीती कमी होते. हे दोन सेकंदांचे काम आहे, पण ते फार थोड्या घरांत केले जाते.

पलंगाशेजारी खुर्ची थोडी तिरकी लावावी. अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीला हलवताना तिची चांगली बाजू जिकडे जायचे तिकडे ठेवावी, म्हणजे पहिला आधार धडधाकट हातापायाचा मिळतो. मदत करणाऱ्याने हात धरून ओढू नये आणि काखेत हात घालून उचलू नये, कारण लुळ्या पडलेल्या हाताचा खांदा अशा ओढाताणीने दुखावतो. कमरेला रुंद, मजबूत पट्टा बांधून तो धरणे अधिक सुरक्षित असते. पडलेली वस्तू उचलायची असेल, तर दोन्ही गुडघ्यांमधून पुढे न वाकता खुर्ची त्या वस्तूच्या बाजूला नेऊन कडेने हात घालावा. सांडशीसारखा लांब चिमटा जवळ असेल तर फारच उत्तम.

आता उताराविषयी. ढकलणाऱ्याने तीव्र उतार नेहमी उलटे उतरावे, म्हणजे मोठी चाके खालच्या बाजूला राहतात, आपले शरीर आड येते आणि बसलेली व्यक्ती पुढे घसरत नाही. उंबरा खाली उतरतानाही मोठी चाके आधी उतरवावीत. उंबरा चढताना मागच्या बाजूची पायाने दाबायची दांडी दाबून छोटी चाके वर उचलावीत आणि मगच पुढे न्यावे. नुसता धक्का दिल्यास छोटी चाके अडतात आणि माणूस पुढे जातो. रॅम्पला एक इंच चढासाठी निदान बारा इंच लांबी लागते. सोसायटीच्या दाराशी सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. आपल्याकडे रॅम्प म्हणून जे बांधले जाते ते बहुतेक ठिकाणी स्कूटर चढवण्याच्या मापाचे असते, आणि त्यावर एकट्याने खुर्ची नेण्याचा हट्ट करू नये. जिन्यावरून उचलायची वेळ आलीच, तर पक्क्या चौकटीला धरावे. हाताचे कठडे आणि फूटरेस्ट अनेक खुर्च्यांत निघणारे असतात व उचलताना हातात येतात.

मागच्या मुठींना भाजीच्या पिशव्या अडकवल्या की चढावर खुर्ची मागे उलटू शकते. पदर, ओढणी आणि शालीची टोके बसतानाच खोचून घ्यावीत.

पडण्याइतकाच गंभीर, पण लवकर लक्षात न येणारा धोका सतत एकाच जागी बसण्याचा आहे. ज्यांच्या कमरेखाली संवेदना नाही, त्यांना जखम होत असल्याचे कळत नाही. दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा एका कुशीवर झुकून बैठकीवरचा भार हलका करावा आणि रोज रात्री माकडहाडाजवळची व बैठकीची त्वचा पाहावी. दाबल्यावरही फिकी न होणारी लाली दिसली, तर त्या जागेवर बसणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मध्ये भोक असलेली गोल उशी वापरू नये. तिच्या कडेवर दाब वाढतो.

खुर्ची एका बाजूला ओढत असेल, तर आधी दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे का ते पाहावे, मग छोट्या चाकांच्या आसाशी गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने काढावेत. हे दोरे काढले की निम्म्या तक्रारी संपतात. छोटी चाके थरथरत असतील, तर बहुधा त्यांचा नट सैल झालेला असतो. घडीची खुर्ची उघडताना बैठकीच्या दोन्ही नळ्या तळहाताने खाली दाबाव्यात आणि बोटे आतल्या बाजूला वळवावीत, नाहीतर ती नळी आणि चौकट यांच्यामध्ये चिरडतात. पंक्चर आणि सैल तारा सायकलवाला दुरुस्त करू शकतो. चौकटीला किंवा छोट्या चाकाच्या काट्याला तडा गेला असेल, तर वेल्डिंगची मलमपट्टी न करता तो भाग बदलून मिळेपर्यंत खुर्ची वापरातून बाजूला ठेवावी.