डोक्यातला डाव ईईजीतून कसा वाचावा

समोरचा काय करेल हे ताडून आपली खेळी ठरवणं, हा विचार ईईजीतून (डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी मेंदूच्या विद्युत लहरींची केलेली नोंद) पकडायचा तर अल्गोरिदमपेक्षा खेळाच्या मांडणीवर जास्त मेहनत घ्या. या नोंदीवरून खेळाचा प्रकार ओळखायला शिकणाऱ्या मॉडेलला विचाराशी देणंघेणं नसतं; तुलनेच्या दोन प्रकारांत (माणसाविरुद्धचा आणि संगणकाविरुद्धचा खेळ) जो फरक सगळ्यात ठळक, तोच ते उचलतं. मग तो बोटांचा असो की डोळ्यांचा.

खेळ साधा हवा. दोघं गुपचूप छापा किंवा काटा निवडतात. जुळलं तर एक जिंकतो, नाहीतर दुसरा. प्रत्येक सहभागी हा खेळ माणसाविरुद्ध खेळेल आणि नाणं उडवल्यासारखी निवड करणाऱ्या संगणकाविरुद्धही. समोर कोण आहे हे त्याला आधी सांगा; पडदा, वेळ आणि बक्षीस मात्र तंतोतंत सारखं ठेवा. ४० फेऱ्यांचा एक गट, असे प्रत्येक प्रकाराचे ५ गट घ्या आणि दहाही गटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्यांनी ० ते १०० मधून निवडलेल्या आकड्यांच्या सरासरीचा दोन-तृतीयांश ओळखण्याचा खेळ मोहात पाडतो, कारण ३३ (बाकीच्यांची सरासरी ५० धरून) किंवा २२ (बाकीचे ३३ म्हणतील असं धरून) अशा उत्तरांतून विचाराची पायरी थेट दिसते. पण ईईजीला शेकडो फेऱ्या लागतात, आणि निकाल कळत गेले की उत्तरं शून्याकडे घसरतात.

प्रत्येक फेरीत १ सेकंद नजर स्थिर ठेवायला पडद्यावर फुली, २ सेकंद विचार, आणि त्यानंतरच कोणतं बटण छाप्याचं हे दाखवा. बटणांची बाजू दर फेरीला बदलती ठेवा. हे टाळलंत तर हात हलवण्याची तयारी विचाराच्या वेळेत मिसळते, आणि पुढची खेळी ओळखायला गेलात की मॉडेल डावा-उजवा हातच ओळखतं.

नोंदीसाठी ३२ इलेक्ट्रोड, सेकंदाला ५०० नमुने आणि इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला १० किलोओहमखाली रोध पुरेसा आहे. फिल्टर ०.१ ते ४० हर्ट्झ. पापण्यांचे घटक वेगळे काढताना १ हर्ट्झपासून गाळलेल्या प्रतीवर स्वतंत्र घटक विश्लेषण (मिसळलेले संकेत त्यांच्या स्रोतांनुसार वेगळे करणारी पद्धत) चालवा आणि त्यातून मिळालेले गुणक मूळ नोंदीला लावा. संथ हेलकावे राहिले तर घटक नीट सुटत नाहीत.

विचाराच्या २ सेकंदांतून थीटा (४–७ हर्ट्झ), अल्फा (८–१२) आणि बीटा (१३–३०) या लहरींच्या पट्ट्यांची शक्ती लॉगमध्ये (लॉगरिदम काढून) घ्या. फेऱ्या ४०० आणि वैशिष्ट्यं ९६ (३२ इलेक्ट्रोड, प्रत्येकी ३ पट्ट्या), त्यामुळे सहविचरणाच्या (वैशिष्ट्यं एकमेकांसोबत किती बदलतात त्याच्या) अंदाजाला आवर घालणारं रेषीय वर्गीकरण वापरा. अनेक थरांची खोल न्यूरल जाळी इथे शिकण्याऐवजी पाठांतर करतात.

खरी गफलत होते ती चाचणीत. फेऱ्या पिसून प्रशिक्षण आणि चाचणी वेगळी केली, तर एकाच गटातल्या शेजारच्या फेऱ्या दोन्हीकडे जातात. इलेक्ट्रोडखालचं जेल वाळणं आणि पेंग येणं यांवरूनच गट ओळखता येतो आणि अचूकता फुगते. म्हणून दर वेळी दोन्ही प्रकारांचा एकेक गट पूर्ण बाजूला ठेवा. आकडे एका मापात आणण्याच्या प्रमाणीकरणाची सरासरीही फक्त प्रशिक्षणातल्या फेऱ्यांवरून काढा. अचूकता योगायोगाने आली का हे तपासताना फेऱ्यांची लेबलं (माणूस की संगणक) नव्हे, गटांची लेबलं अदलाबदल करा: दहा गटांच्या २५२ मांडण्या होतात, त्या सगळ्या चालवून बघा.

मग हेच सगळं फक्त डोळ्यांजवळच्या इलेक्ट्रोडवर करा. तिथेही तितकीच अचूकता आली, तर तो निकाल विचाराचा म्हणून मांडू नका. आणि मॉडेलचे भारांक (प्रत्येक वैशिष्ट्याला दिलेलं वजन) थेट डोक्याच्या नकाशावर रंगवू नका, कारण केवळ गोंगाट वजा करणाऱ्या इलेक्ट्रोडलाही मोठा भारांक मिळतो. आधी त्यांना वैशिष्ट्यांच्या सहविचरण सारणीने गुणा.