देणगीचं पत्र एआयकडून लिहून घेताय? या चुका टाळा

गेल्या दिवाळीआधी आमच्या संस्थेचं एक पत्र सदाशिव पेठेत गेलं. सुरुवातच 'प्रिय कै.' अशी, पुढे एका आजींच्या यजमानांचं नाव, आणि खाली 'तुमचा उत्साह आम्हाला प्रेरणा देतो'. या आजी दरवर्षी यजमानांच्या स्मृतिदिनाला अकराशे रुपये देतात आणि पावती त्यांच्या स्मरणार्थ करून घेतात. आमच्या एक्सेलमध्ये 'नाव' या रकान्यात पावतीवरचं नाव होतं. एआयने तेच उचललं. आजींचा फोन आला. रागावल्या नाहीत, 'तुमच्याकडे माणसं कमी झाली का रे?' एवढंच विचारलं.

आम्ही वस्तीत दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. अशा छोट्या संस्थेत देणगीची पत्रं, पावत्या, हिशेब सगळं दोन-तीन जणच करतात, त्यामुळे एआयचा मोह होणं साहजिक आहे. मीही ते रोज वापरतो. पण पहिलं काम यादी नीट करण्याचं. देणारा कोण, कोणाच्या स्मरणार्थ, हाक काय मारायची (आजी, काका, सर, मॅडम), शेवटचं बोलणं कधी झालं, असे वेगळे रकाने करा. आमच्या तीनशे नावांना दोन संध्याकाळ लागल्या.

दुसरी चूकही त्याच पत्रातली. आम्ही अख्खी शीट चॅटमध्ये चिकटवली होती. त्यात पॅन, मोबाइल, घरचे पत्ते, सगळं. करसवलतीच्या पावतीसाठी पॅन लागतो म्हणून लोक विश्वासाने देतात, तो बाहेरच्या यंत्राला द्यायला नव्हे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. आता एआयकडून फक्त मसुदा घेतो, नावाच्या आणि रकमेच्या जागा रिकाम्या ठेवून. त्या जागा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल मर्जने (यादीतली नावं पत्रात आपोआप भरण्याच्या सोयीने) भरतो. वेळ तेवढाच लागतो.

भाषा

'तुमचे योगदान एका मुलाच्या आयुष्यात फरक घडवू शकते.' असं घरात कोणी बोलतं का? 'सक्षमीकरण', 'परिवर्तनाचा प्रवास' हे शब्द दिसले की पेठेतला माणूस पत्र घडी करून ठेवतो. एकदा तर यंत्राने पाच लाखांचं '०.५ दशलक्ष' करून दिलं! उपाय सोपा आहे. आधी स्वतः चार ओळी खरडा: संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका उघडी असते, २३ मुलं येतात, जूनमध्ये दोन पंखे बंद पडले, दुरुस्तीला अमुक खर्च आला. मग एआयला सांगा, 'यातला एकही शब्द जड करू नकोस, फक्त शुद्धलेखन बघ.' बंद पडलेल्या पंख्यांना आमच्याकडे जेवढा प्रतिसाद आला, तेवढा 'उज्ज्वल भविष्या'ला कधी आला नाही.

करसवलत आणि परदेशातली मंडळी

इथे मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. 'तुमची देणगी १०० टक्के करमुक्त' हे वाक्य यंत्र बिनदिक्कत लिहितं. प्राप्तिकराच्या ८०जी कलमाखाली बहुतेक संस्थांच्या देणगीवर ५० टक्केच वजावट मिळते, तीही मर्यादेत. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर काहीच नाही. आणि नवी करप्रणाली घेतलेल्या व्यक्तीला ८०जी चा लाभच नाही, ही गोष्ट यंत्र हमखास विसरतं. त्यातून प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. यंत्राच्या डोक्यात जुनेच असू शकतात. करसवलतीची दोन वाक्यं सीएकडून लिहून घ्या आणि तीच चिकटवा.

पुण्यात एका घराआड कोणाचा तरी मुलगा अमेरिकेत असतो, म्हणून एआय सुचवतं, 'परदेशातल्या नातेवाइकांनाही आवाहन करा.' भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाचे मात्र धरले जातात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. मग एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) खाली संस्थेची नोंदणी हवी आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. तेव्हा पैसे घेण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारा. संकोच वाटतो, पण विचारा.

फोटो

एआयने बनवलेली मुलं वापरू नका. आम्ही एकदाच वापरली. फळ्यावरची अक्षरं धड देवनागरी नव्हती आणि खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत होते. एका काकांनी विचारलं, 'पर्वतीवर बर्फ कधी पडला?' त्यापेक्षा पाठमोऱ्या मुलांचा आपल्या मोबाइलवरचा खरा फोटो बरा. पालकांना विचारून, अर्थात.

हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांकडे सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक कामांच्या निधीचा) प्रस्ताव पाठवताना यंत्राने घातलेली प्रत्येक टक्केवारी कुठून आली ते शोधा. सापडली नाही तर खोडा. त्या टेबलावर सारखेच दिसणारे दहा प्रस्ताव असतात. तुमच्या हजेरीच्या वहीतला आकडा लहान असला तरी तो तुमचा असतो, आणि विचारलं तर वही दाखवता येते.

सगळं नीट केलं, तरी उत्तर नाही?

पत्राला दोष देण्याआधी ते पोचलं का ते बघा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जाते. फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० च्या वर मेल जात नाहीत, आणि एकगठ्ठा पाठवलेले बरेचसे स्पॅममध्ये पडतात. पन्नास-पन्नास करून पाठवा.

आणि 'कोण पुन्हा देणगी देईल' हे यंत्राला विचारलंत तर ते रकमेवरून क्रम लावतं, दरमहा ५०१ किंवा वर्षाला अकराशे देणारे तळाला जातात. आमच्याकडे त्या तळाच्या चाळीस जणांना आता मी स्वतःच फोन करतो. पहिला फोन सदाशिव पेठेत केला. आजींनी आधी पंख्यांचं विचारलं.