दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यानंतर घरच्यांनी काय पाहावे

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर रुग्णाला बहुधा एक-दोन दिवसांत घरी सोडतात, आणि मराठवाड्यात ते घर लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयापासून पुष्कळदा ६०-७० किलोमीटर लांब असते. त्यामुळे क्वचित उद्भवणारी गुंतागुंत सर्वांत आधी घरच्यांच्याच नजरेस पडते.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस खांदा दुखला तर घाबरू नये, कारण ते दुखणे शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे असते. मात्र पोटदुखी ओसरण्याऐवजी वाढत असेल, पोट फुगत असेल, अन्नावरची वासना उडाली असेल, तर पित्त आत झिरपत असल्याची शंका घ्यावी. ताप नाही एवढ्यावरून निर्धास्त राहू नये. ड्रेसिंगवर हिरवट-पिवळा डाग दिसला, तर त्याच दिवशी निघावे.

पित्तनलिकेला, म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळीला, इजा साधारणपणे १००० पैकी ३ ते ५ रुग्णांत होते. रोज सकाळी रुग्णाला अंगणात बसवून खालची पापणी हलकेच ओढावी आणि डोळ्याचा पांढरा भाग पाहावा. बल्बच्या उजेडात पिवळेपणा कळत नाही. लघवी कोऱ्या चहासारखी, शौच शाडूसारखी पांढरट आणि अंगाला खाज, असे असेल तर नलिकेचा मार्ग अडला आहे असे समजावे. आपल्याकडे कावीळ म्हटली की झाडपाल्याचे औषध घ्यायला किंवा नाकात थेंब सोडून घ्यायला नेतात. या काविळीत ते कृपा करून करू नये, कारण नलिकेत राहिलेला खडा किंवा तिला झालेली इजा औषधाने दूर होत नाही, आणि थंडी वाजून ताप आला तर जिवावर बेतते. सोनोग्राफी व रक्ततपासणीनंतर बऱ्याचदा तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढता येतो किंवा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवता येतो; इजा मोठी असल्यास ती दुरुस्ती यकृत-पित्तमार्गाच्या अनुभवी शल्यचिकित्सकाकडूनच करून घ्यावी.

चक्कर, घाम, धाप किंवा काळी शौच असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

काही आठवड्यांनी छिद्राच्या जागी गाठ येऊन पाणी झिरपू लागले, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत; तेथे क्षयाच्या जंतूंच्या कुळातले जंतू असू शकतात, ज्यांवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. शस्त्रक्रियेत सांडलेल्या खड्याभोवती कधी वर्षांनंतरही पू होतो, म्हणून डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि पित्ताशयाच्या तुकड्याचा तपासणी अहवाल मागून घेऊन एकाच पिशवीत जपून ठेवावा.