प्लास्टिक पॅकिंगचा ईपीआर : उद्योजकांनो, या चुका टाळा

जूनचा शेवटचा आठवडा आला की एमआयडीसीतल्या अकाउंट विभागांत एकच धावपळ उडते. मागच्या आर्थिक वर्षाचं ईपीआरचं (एक्स्टेंडेड प्रोड्युसर रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे मालासोबत बाजारात सोडलेल्या प्लास्टिकची उद्योजकावरची जबाबदारी) वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर भरायचं असतं आणि वर्षभरात आपण नेमकं किती किलो प्लास्टिक बाजारात सोडलं, याचा आकडा कुणाकडेच तयार नसतो. परचेसवाला स्टोअरकडे बोट दाखवतो, स्टोअरवाला परचेसकडे. शेवटी अंदाजपंचे आकडा टाकला जातो. मुदत पूर्वी अनेकदा वाढली आहे हे खरं, पण मुदत वाढल्याने आकडा बरोबर येत नाही. तेवढ्या प्लास्टिकची प्रक्रिया झाल्याचं सर्टिफिकेट रिसायकलरकडून विकत घेणं हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे आणि आपल्याकडे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

१६ फेब्रुवारी २०२२च्या अधिसूचनेने २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांना ईपीआरची सविस्तर चौकट जोडली. पॅकिंग बनवणारा उत्पादक, आयातदार आणि ब्रँडचा मालक या तिघांवर त्यात जबाबदारी आहे. आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाचं प्लास्टिक वेष्टण गोळा होऊन त्याची प्रक्रिया झाली पाहिजे, आणि ती झाल्याचा हिशेब आपण दिला पाहिजे.

‘आम्ही लहान, आम्हाला लागू नाही’

हे वाक्य अर्धंच खरं आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगातल्या ब्रँडमालकाला उद्दिष्टातून, म्हणजे ठरावीक प्लास्टिकची प्रक्रिया करून घेण्याच्या बंधनातून, सूट आहे. पण १ एप्रिल २०२५पासून लघु उद्योग म्हणजे २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल. यातली एक जरी मर्यादा ओलांडली, तरी तुम्ही मध्यम उद्योगात गेलात आणि सूट संपली. उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम हे सांगणारं उद्यम प्रमाणपत्र एकदा काढून फाइलला लावलं आणि पुन्हा पाहिलंच नाही, असं बऱ्याच ठिकाणी होतं. दरवर्षी ताळेबंद हातात आला की ते उघडून पाहा.

आयातदाराला मात्र ही सूट नाही. न्हावाशेवाला कंटेनर उतरवून खेळणी किंवा किचनवेअर विकणारा व्यापारी कितीही छोटा असो, मालाबरोबर आलेल्या प्लास्टिक पॅकिंगची जबाबदारी त्याचीच. पाऊच किंवा बाटल्या बनवणारा सूक्ष्म-लघु कारखानदार असेल, तर मार्च २०२४च्या दुरुस्तीने त्याचं उद्दिष्ट कच्चा माल पुरवणाऱ्याकडे गेलं. नोंदणी मात्र त्यालाही चुकत नाही.

आणखी एक गैरसमज थर्ड पार्टीकडून पॅक करून घेणाऱ्यांचा. ‘पॅकिंग तिकडे होतं, म्हणजे ईपीआर त्यांचा’ असं ते धरून चालतात. पाकिटावर ब्रँड तुमचा आहे ना? मग तुम्ही ब्रँडमालक.

वजनाची चूक सगळ्यात महाग पडते

समजा, तुम्ही २०० ग्रॅम हळदीची पाकिटं विकता. पुरवठादार फोनवर सांगतो, ‘साहेब, रिकामा पाऊच चार ग्रॅमच्या आसपास.’ तेवढ्यावर हिशेब झाला, तर ५० लाख पाउचचे २० टन होतात. आता शंभर रिकामे पाऊच एकत्र काट्यावर ठेवा. ४६० ग्रॅम भरले, तर एक पाऊच ४.६ ग्रॅमचा आणि वर्षाचे टन २३. एका ‘आसपास’मध्ये तीन टन गेले. एकेक पाऊच तोलू नका, साध्या काट्यावर एवढ्या कमी वजनात फरक पडतो. शंभराची थप्पी तोला, वेगवेगळ्या लॉटमधून तीनदा तोला आणि तो कागद तारीख-सही करून ठेवा. तपासणीला अधिकारी आले की हाच कागद उपयोगी पडतो.

फिल्म रोलवर येत असेल, तर बिलातलं वजन निव्वळ फिल्मचं आहे की आतली पुठ्ठ्याची नळी धरून, हे विचारून घ्या. बाटल्या-बरण्या नगावर येतात, तिथे झाकण, सील आणि लेबल वेगळं मोजावं लागतं. मशीन सेट करताना वाया जाणारी फिल्म, कापलेल्या कडा हेही सोडू नका. ग्राहकापर्यंत न पोहोचलेला हा कचरा उद्दिष्ट काढण्याच्या सूत्रात वेगळा धरलेला आहे. उद्दिष्टासाठी आकडा धरायचा तो मागच्या दोन आर्थिक वर्षांच्या सरासरीचा. चालू वर्षाचा आकडा टाकून अर्ज परत आलेले मी कितीतरी पाहिले आहेत.

पाउचपुरतंच पाहणाऱ्यांकडून हमखास सुटतं ते बाहेरचं वेष्टण : खोक्याभोवतीचं श्रिंक, पॅलेटवरची स्ट्रेच फिल्म, बबल रॅप, ऑनलाइन ऑर्डरची कुरिअर पिशवी. मालाची साठवण आणि वाहतूक यांसाठी वापरलेलं प्लास्टिकही पॅकिंगच आहे.

पुरवठादार नोंदणीकृत आहे का, हे परचेस ऑर्डर काढण्याआधी तपासा आणि त्याचा नोंदणी क्रमांक ऑर्डरवर लिहा. कोणाकडून किती प्लास्टिक घेतलं, याची नोंद पुरवठादारनिहाय वेगळी ठेवायची आहे. तुम्हाला दिलेल्या मालाची तशीच वेगळी नोंद पुरवठादाराने ठेवली नाही, तर पूर्ण जबाबदारी त्याच्यावर येते, असं नियमच सांगतो. एकाच व्यवहाराचे तुमचे आणि त्याचे आकडे जुळले पाहिजेत, म्हणून दर तिमाहीला दोघांनी बसून मिळवून घ्यावेत.

वर्गवारी चुकली, की सर्टिफिकेटही चुकतं

बाटली, बरणी, झाकण, बादली हे कडक प्लास्टिक वर्ग १. पाऊच, फिल्म, पिशवी वर्ग २. प्लास्टिकच्या थराला कागद किंवा ॲल्युमिनियम फॉइलसारखा वेगळा थर जोडलेला असेल, तर वर्ग ३. कंपोस्ट होणारं प्लास्टिक वर्ग ४. घोटाळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्यात. ‘मल्टिलेअर’ हा शब्द ऐकला की लोक वर्ग ३ लिहून मोकळे होतात. पण सगळे थर प्लास्टिकचेच असतील, तर ते वर्ग २मध्येच येतं. पुरवठादाराकडून प्रत्येक पाउचची थरांची रचना लेखी मागवा.

सर्टिफिकेट वर्गनिहाय असतात. वर्ग १चं शिल्लक राहिलं, म्हणून वर्ग ३ची तूट भरून निघत नाही. पुनर्चक्रीकरणाचं किमान उद्दिष्टही वेगळं आहे. २०२५-२६साठी वर्ग १ला ६० टक्के, वर्ग २ आणि ३ला ४० टक्के. सिमेंट भट्टीत किंवा रस्त्यासाठी वापरलेल्या प्लास्टिकचं सर्टिफिकेट या भागात चालत नाही. स्वस्त मिळालं म्हणून तेच घेऊन ठेवलं, तर ऐन विवरणाच्या वेळी तूट दिसते.

शिवाय २०२५-२६पासून पॅकिंगमध्येच पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्याचं बंधन सुरू झालं : त्या वर्षी वर्ग १ला ३० टक्के, वर्ग २ला १०, वर्ग ३ला ५. हे स्वतंत्र उद्दिष्ट आहे.

‘एजंटने सगळं केलंय’

नोंदणी करताना एजंटचाच ईमेल आणि मोबाइल टाकलेला असतो. पुढे एजंट बदलला की ओटीपी जुन्याकडे जातो आणि मंडळाने विचारलेली त्रुटी कुणाच्याच नजरेला पडत नाही. लॉगिन कंपनीच्या नावे, कंपनीच्या माणसाच्या हाती ठेवा. पॅन, जीएसटी आणि अर्ज या तिन्हींवर नाव अक्षरशः एकसारखं असू द्या. एक-दोन राज्यांत व्यवसाय असेल, तर नोंदणी राज्य मंडळाकडे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे (एमपीसीबी). त्याहून जास्त राज्यांत असेल, तर केंद्रीय मंडळाकडे.

ईमेलवर आलेली सर्टिफिकेटची पीडीएफ म्हणजे पुरावा नव्हे. पोर्टलवर आपल्या खात्यात जमा दिसेल तेव्हाच पैसे चुकते करा. २०२३मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत काही रिसायकलरांनी लाखांनी बनावट सर्टिफिकेट तयार केल्याचं उघड झालं आणि त्यात महाराष्ट्रातले कारखानेही होते. रिसायकलरची क्षमता किती, जागेवर यंत्रं चालतात का, हे स्वतः जाऊन पाहा. प्रामाणिकपणे कचरा गोळा करणाऱ्या, धुणाऱ्या, दाणा काढणाऱ्या माणसाला रास्त भाव मिळावा, यासाठीही हे गरजेचं आहे.

दंड भरला, तरी सुटका नाही

उद्दिष्ट चुकलं, तर पर्यावरण भरपाई द्यावी लागते आणि तूट पुढची तीन वर्षं डोक्यावर राहते. एका वर्षात ती भरून काढली, तर भरपाईतले ७५ टक्के परत मिळतात, दोन वर्षांत ६०, तीन वर्षांत ४०. नंतर काहीच नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड वेगळा, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. तूट आहे हे कळलं, की लगेच पहिल्या वर्षातच भरून काढा.

कॅरीबॅगबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. केंद्राच्या नियमात १२० मायक्रॉनची पिशवी चालते, पण महाराष्ट्राच्या २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर जाडी कितीही असो, बंदी घातली. दुकानातल्या काउंटरवर केंद्राचा नियम दाखवून दंड टळत नाही.

आणि छपाई. १ जुलै २०२५पासून पॅकिंगबद्दलची आवश्यक माहिती क्यूआर कोड किंवा बारकोडमध्ये, माहितीपत्रकात किंवा पाकिटावरच्या विशिष्ट क्रमांकातून देण्याची मुभा आहे. यातला कोणता मार्ग निवडला, ते केंद्रीय मंडळाला कळवायचं असतं. हे आधी ठरवा, मग आर्टवर्क पक्कं करा. छपाईचा नवा सिलिंडर कोरून झाल्यावर नोंदणी क्रमांक राहिल्याचं लक्षात आलं, तर प्रत्येक रंगाच्या सिलिंडरचा खर्च पुन्हा करावा लागू शकतो.